सुलह कोणाच्या हक्कावर?



आपल्या मोहल्ल्यांतील आणि गावांतील तरुण कार्यकर्त्यांना संवादाचे आणि भांडणे मिटवण्याचे रीतसर शिक्षण द्यावे, हा विचार आता मान्य होऊ लागला आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कोणतेही कौशल्य शिकवण्यापूर्वी ते कोणाच्या कामी येणार, हे विचारून घ्यावे लागते. तलवार शिकवणारा उस्ताद आधी शिष्याची पारख करतो. जिभेचे शिक्षण देणाऱ्यानेही ती केली पाहिजे, कारण जिभेची जखम दिसत नाही आणि म्हणून तिच्यावर कोणी औषधही लावत नाही. या लेखात एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे : भांडण मिटवण्यास गेलेल्या तरुणावर पहिले ऋण कशाचे, शांततेचे की न्यायाचे?

प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. उदगीर तालुक्यातील एखादे गाव आहे, असे समजा. आई-वडील दोघेही अल्लाहला प्यारे झाले आहेत. मागे दोन भाऊ, एक बहीण आणि पाच एकर जमीन आहे. बहीण नांदेडला दिलेली. शरीअतचा हिशेब सरळ आहे : भावांना प्रत्येकी दोन एकर, बहिणीला एक एकर. तिने आपला हिस्सा मागितला आणि घरात वाद पेटला. धाकटा भाऊ म्हणतो, तिच्या लग्नाचा खर्च आम्हीच केला, आता आणखी काय हवे? थोरली भावजय म्हणते, जमीन न्यायची असेल तर पुन्हा या दारात पाऊल ठेवू नका. अशा वेळी मशिदीच्या कार्यकर्त्यांपैकी एक होतकरू तरुण मध्ये पडतो. त्याने शिबिर केलेले आहे. तो मृदू बोलतो, कोणाचे बोलणे तोडत नाही. बहिणीला तो समजावतो : आपा, जमीन आज आहे, उद्या नाही, माहेर मात्र एकदा तुटले की जुळत नाही. मगरिबनंतर सुरू झालेली बैठक इशाच्या अजानपूर्वी संपते. बहीण हक्कसोडपत्रावर सही करण्यास तयार होते. भाऊ तिच्या डोक्यावर हात ठेवतात, चहा येतो, वडीलधारी मंडळी तरुणाच्या पाठीवर थाप मारतात. तासाभरात मिटवले म्हणून त्याचे कौतुक होते.

वाचकहो, काय मिटले? भांडण की बहिणीचा हक्क?

सुलहचे मोल

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समेट घडवणे हे इस्लाममध्ये दुय्यम काम नाही. कुबा येथे बनू अम्र बिन औफ या कबिल्यातील लोकांचे आपसात भांडण झाले आणि प्रकरण दगडफेकीपर्यंत गेले. ही वार्ता कळताच प्रेषित मुहम्मद (स.) काही सोबत्यांना घेऊन स्वतः तेथे गेले. समेट घडवता घडवता नमाजची वेळ झाली, तेव्हा मागे हजरत अबू बक्र (रजि.) यांना इमामतीसाठी पुढे व्हावे लागले (बुखारी). ज्यांच्या मागे नमाज अदा करण्यासाठी सहाबा आतुर असत, ते त्या वेळी दोन गटांमध्ये बसून मने जुळवत होते. समेटाच्या कामाची प्रतिष्ठा सांगण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) लोकांतील संबंध सुधारण्याचा दर्जा नफिल रोजे, नमाज आणि दानापेक्षाही वरचा सांगितला आणि परस्परसंबंधांतील बिघाडाला धर्म भादरून टाकणाऱ्या वस्तऱ्याची उपमा दिली (अबू दाऊद, तिर्मिजी). दिव्य कुरआननेही लोकांच्या खासगी मसलतींपैकी बहुतेकांत काही भलाई नसल्याचे सांगून तीन मसलती त्यातून वगळल्या आहेत : दानाची, सत्कृत्याची आणि लोकांमध्ये समेट घडवण्याची (४:११४). तेव्हा आपल्या प्रसंगातील तरुण ज्या कामास गेला ते काम श्रेष्ठच आहे. प्रश्न आहे तो त्याने ते कसे पार पाडले याचा.

आपल्या भागाची गरज

मराठवाड्याला अशा तरुणांची गरज आहे, हे सांगण्यास दूर जावे लागत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्च महिन्यात प्रशासनाला जमावबंदीचा आदेश काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून रेल्वेने पाणी आणले गेले. पाणी रेल्वेने आणता येते. परंतु रांगेत उभ्या असलेल्या दोन शेजाऱ्यांमधील संयम कोणत्याही गाडीने आणता येत नाही. तो आधीपासून मनात साठवलेला असावा लागतो.

शासनालाही ही गरज जाणवलेली आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा तंट्यांची नोंद करायची. जे तडजोडीने मिटण्यासारखे आहेत ते गावातच मिटवायचे, अशी तिची रचना. बांधावरून, सामायिक विहिरीवरून, वाटेवरून वर्षानुवर्षे तालुक्याच्या कचेऱ्यांचे हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्यास यातून दिलासा मिळावा, हा हेतू चांगलाच होता. पुढे २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात समुदाय मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आले. एखाद्या वस्तीची शांतता बिघडवू शकणारा वाद, दोन्ही पक्षांची पूर्वसंमती असेल तर, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे ठेवण्याची वाट त्याने दाखवली.

मात्र तंटामुक्तीच्या मोहिमेत एक धडा दडलेला आहे. गावाच्या लोकसंख्येनुसार बक्षिसाची रक्कम ठरलेली होती आणि मिटवलेल्या तंट्यांना गुण होते. जेथे मिटवण्याला गुण असतात तेथे मिटवण्याची घाई होते आणि घाईत तंटा सुटण्याऐवजी झाकला जाण्याचा धोका असतो. हा धोका केवळ सरकारी मोहिमेला नाही. आपल्या तरुणाला शिबिरात मिळणारी शाबासकी, मशिदीच्या आवारात होणारे कौतुक, ही देखील बक्षिसेच आहेत. बक्षिसाची ओढ लागली की मध्यस्थाची नजर नकळत अशा माणसाकडे वळते ज्याला नमवणे सर्वांत सोपे असते. आपल्या प्रसंगात ती बहीण होती.

वाक्चातुर्य आणि आगीचा तुकडा

संवादाचे शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने एक हदीस पाठ करून ठेवावी. हजरत उम्मे सलमा (रजि.) सांगतात की, दोन माणसे वारशाचा जुना वाद घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. कोणाजवळही पुरावा नव्हता. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, आपणही एक मनुष्य आहोत, वादी-प्रतिवादींपैकी एखादा आपली बाजू मांडण्यात दुसऱ्यापेक्षा अधिक चतुर असू शकतो आणि ऐकलेल्या बोलण्यावरून त्याच्या बाजूने निर्णय दिला जाऊ शकतो, परंतु अशा रीतीने जो आपल्या भावाचा हक्क घेईल, त्याने तो घेऊ नये, कारण त्याच्या हाती आगीचा तुकडाच दिला गेलेला असेल. हे ऐकून दोघेही रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला की, माझा हक्क माझ्या भावाला असो. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, आता वाटणी करा, न्यायाची बाजू शोधा, चिठ्ठी टाका आणि मग एकमेकांना मोकळे करा (अबू दाऊद, मूळ आशय बुखारी व मुस्लिम).

या प्रसंगातील क्रम लक्षात घ्या. दोघांची मने द्रवली, दोघेही आपला हक्क सोडण्यास तयार झाले. आपल्या शिबिरातील तरुण असता तर त्याने तेथेच बैठक संपवली असती. प्रेषितांनी (स.) ती संपवली नाही. अश्रूंना त्यांनी निकाल मानले नाही. आधी वाटणी, मग न्यायाचा शोध, मग चिठ्ठी आणि सर्वांत शेवटी माफी. क्षमा ही हिशेबाची जागा घेत नाही. ती हिशेबानंतर येते. किती सोडले हे ज्याला ठाऊकच नाही, त्याने काही सोडले असे म्हणता येत नाही; त्याच्याकडून ते गेले, एवढेच म्हणता येते.

दुसरी गोष्टही विचार करण्यासारखी आहे. गोड बोलण्याने हक्क फिरतो, हे खुद्द प्रेषितांनी (स.) मान्य केले आणि त्याची भीती घातली. मग आपण तरुणांना गोड बोलणे शिकवताना ही भीती शिकवतो काय? जर नाही, तर आपण मध्यस्थ घडवत नसून वकील घडवत आहोत. आणि तोही ज्याची बाजू आधीच भक्कम आहे त्याचा.

सूट कोणाकडून मागायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शांतता आणि न्याय यांपैकी एक निवडायचे असते, हा समजच दिव्य कुरआनने मोडून काढला आहे. सूरह हुजुरातमध्ये (४९:९) ईमानधारकांचे दोन गट लढू लागले तर त्यांच्यात समेट घडवण्याचा आदेश आहे. त्याच आयतीत पुढे म्हटले आहे की, एक गट दुसऱ्यावर अत्याचार करत असेल तर अत्याचार करणाऱ्याला अल्लाहच्या आदेशाकडे परतेपर्यंत रोखा. आणि तो परतला की पुन्हा समेट घडवा, पण या वेळी न्यायाने. म्हणजे एकाच आयतीत समेटाचा आदेश दोनदा आहे आणि दोहोंच्या मध्ये अत्याचारी हाताला धरण्याचा आदेश आहे. दोघे समान असतील तेथे मधोमध उभे राहणे हा इन्साफ होय; एकाचा पाय दुसऱ्याच्या मानेवर असेल तेथे मधोमध उभे राहणे म्हणजे त्या पायाला आधार देणे होय.

परंतु सुलहमध्ये कोणी तरी काही तरी सोडतेच. नाही तर ती सुलह कसली? हे खरे आहे. म्हणून कोणी सोडायचे, हे प्रेषितांच्या (स.) दोन निर्णयांतून पाहू.

पहिला निर्णय पाण्याचा आहे, म्हणून लातूरकरांस तो विशेष जवळचा वाटावा. मदीनेत हर्रा येथील पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात वाद झाला. जुबैर यांचे शेत वरच्या अंगाला होते, म्हणजे पाण्यावर पहिला हक्क त्यांचा होता. प्रेषितांनी (स.) आधी त्यांनाच सुचवले की, आपल्या झाडांना पाणी देऊन शेजाऱ्याकडे सोडून द्या. म्हणजे ज्याचा हक्क मोठा आणि जागा वरची, त्याला उदार होण्यास सांगितले. अन्सारीने मात्र हा निर्णय आतेभावाची बाजू घेऊन दिल्याचा आरोप केला. तेव्हा प्रेषितांनी (स.) जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला : पाणी बांधापर्यंत चढेतो अडवा आणि मगच सोडा (बुखारी). आधी सवलतीची वाट दाखवली. ती नाकारली गेली तेव्हा हक्काची रेषा स्पष्ट आखली. परंतु खालच्या शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पाणी सोडून दे, असे कोणत्याही टप्प्यावर सांगितले गेले नाही.

दुसरा निर्णय कर्जाचा आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी मशिदीत आपल्या कर्जदाराला गाठले आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषित (स.) यांनी आपल्या घराचा पडदा बाजूला सारून कअब यांना हाताने खूण केली की अर्धे सोडा. कअब यांनी तत्काळ मान्य केले. लगेच कर्जदाराला आज्ञा झाली की, ऊठ आणि उरलेले फेड (बुखारी, मुस्लिम). येथे सूट हक्कदाराकडून मागितली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूवर फेडीची जबाबदारी टाकली. एकाची उदारता दुसऱ्याच्या टाळाटाळीसाठी पांघरूण ठरू दिली नाही.

कोणी म्हणेल, मग बहीणही हक्कदारच होती. तिच्याकडून सूट मागितली यात काय चुकले? फरक येथेच आहे. कअब (रजि.) धनको होते; सूट नाकारली असती तर त्यांचे घर सुटणार नव्हते, नाते तुटणार नव्हते. बहिणीपुढे मात्र एका पारड्यात एक एकर जमीन आणि दुसऱ्या पारड्यात संपूर्ण माहेर ठेवले होते. तिची सही उदारतेची नव्हती, भीतीची होती. दिव्य कुरआनने पत्नीच्या महरविषयी बोलताना म्हटले आहे की, त्यांनी मनाच्या खुशीने त्यातील काही सोडले तरच ते तुम्हाला खुशाल खाता येईल (४:४). महरमधील काही भागासाठी जर मनाच्या खुशीची अट आहे, तर ज्या वारशाचे हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिले आणि ज्यांना आपल्या मर्यादा म्हटले (४:११–१४), त्याच्यासाठी ती किती कडक असेल? आणि प्रेषितांनी (स.) सुलहची सीमाही आखून दिलेली आहे : मुस्लिमांमध्ये प्रत्येक सुलह वैध आहे, निषिद्ध गोष्टीला वैध किंवा वैध गोष्टीला निषिद्ध ठरवणारी सुलह तेवढी वैध नाही (अबू दाऊद, तिर्मिजी).

एक गंभीर आक्षेप

यावर अनुभवी वाचक जो आक्षेप घेईल तो हलका नाही. तो म्हणेल, हक्काचा आग्रह धरला तर प्रकरण कोर्टात जाईल. तारखा पडतील, वकिलाची फी भरता भरता ती एक एकरही विकावी लागेल, आणि ईदला भाऊ बहिणीचे तोंड पाहणार नाहीत. त्यापेक्षा अर्धवट का होईना, शांतता बरी नव्हे काय? शिवाय हुदैबियाच्या करारात प्रेषितांनी (स.) किती सोडले ते आठवा.

हुदैबियाचे उदाहरण खरोखर विचार करायला लावणारे आहे. करार लिहिला जात असतानाच सुहैल यांचे पुत्र अबू जंदल (रजि.) साखळदंडांसह तेथे येऊन पोहोचले आणि त्यांना परत द्यावे लागले. एवढी किंमत सुलहने मागितली. परंतु त्या प्रसंगी काय झाले ते नीट पाहा. प्रेषितांनी (स.) सुहैल यांच्याकडे त्यांची सुटका वारंवार मागितली. ती नाकारली गेली तेव्हा अबू जंदल यांना धीर धरण्यास सांगितले आणि अल्लाह वाट काढील असा विश्वास दिला. तुझे काहीच गेले नाही, असे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांच्या दुःखाला दुःखच म्हटले गेले. आणि आपल्या नावापुढील 'अल्लाहचे प्रेषित' हे शब्द खोडण्यास जे राजी झाले, त्यांनी सोडला तो स्वतःचा मान होता.

म्हणून आक्षेपाचे उत्तर असे आहे : सुलहला किंमत पडू शकते, पण ती किंमत उघडपणे मोजली गेली पाहिजे, आणि मध्यस्थाने आधी ती बलवानाकडे मागितली पाहिजे. बहिणीला एक एकराऐवजी त्याचे मूल्य हप्त्यांनी घेणे मान्य होऊ शकते. जमीन भावांनीच कसावी आणि तिचा वाटा दरवर्षी पिकातून पोहोचवावा, हेही तिला चालू शकते. सर्व समजून, मोकळ्या मनाने, तिने काही भाग सोडलाही तर ते तिचे औदार्य आहे आणि त्याचा मोबदला अल्लाहजवळ आहे. परंतु तुझा हिस्सा एवढा आहे, हे तिला न सांगता घेतलेली सही ही सुलह नव्हे. ते एका माणसाला गप्प बसवणे आहे. गप्प बसलेले घर शांत दिसते. पण भिजलेल्या भिंतीसारखी त्याची ओल आतून चढत राहते आणि पुढच्या पिढीत भावंडांची मुले एकमेकांना ओळखेनाशी होतात.

मग काय शिकवावे?

ज्यांच्या हाती तरुणांचे शिक्षण आहे त्यांच्यासाठी यातून काही गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट, ऐकणे. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांना तरुण वयात मदीनेस पाठवले गेले. उसैद बिन हुजैर भाला घेऊन त्यांना हाकलण्यास आले, तेव्हा मुसअब यांनी एवढेच विचारले की, बसून ऐकणार काय? पटले तर स्वीकारा, न पटले तर आम्ही थांबतो. उसैद यांनी ही गोष्ट न्याय्य मानली, भाला जमिनीत रोवला आणि बसले. समोरच्याला नाकारण्याचा अधिकार देऊन सुरू केलेल्या संवादाने भाला खाली आला. आणि हजरत अली (रजि.) यांना यमनला पाठवताना प्रेषितांनी (स.) शिकवले की, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय पहिल्याच्या बाजूने निर्णय देऊ नका (अबू दाऊद, तिर्मिजी). आपल्या तरुणाने बहिणीचे ऐकले खरे, पण चार पुरुषांच्या देखत. भावजयीच्या समोर ती काय बोलणार होती? तिचे म्हणणे स्वतंत्रपणे, तिच्या विश्वासातील माणसाच्या उपस्थितीत ऐकणे आवश्यक होते.

म्हणून दुसरी गोष्ट, स्त्रियांना हे शिक्षण देणे. आपल्या शिबिरांच्या सतरंजीवर मुलींना जागा नसेल तर घरातील निम्म्या तंट्यांचे खरे कारण आपल्या कानावर कधीच येणार नाही. आपल्या पतीविषयी तक्रार मांडणाऱ्या एका स्त्रीचे बोलणे अल्लाहने सात आसमानांवरून ऐकले आणि तिच्यावरून दिव्य कुरआनच्या एका सूरहचे नाव पडले (५८:१). मग तिचे बोलणे आपल्या बैठकीत ऐकले जाऊ नये, ही कोणती रीत?

तिसरी गोष्ट, खातरजमा. वार्ता घेऊन येणाऱ्याची पडताळणी करण्याचा आदेश (४९:६) आज मोबाईलच्या प्रत्येक संदेशाला लागू होतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगणे हेच मनुष्याला खोटे ठरवण्यास पुरेसे आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे (मुस्लिम). एखाद्याच्या स्टेटसवरून मोहल्ला तापला असेल तेव्हा ते पुढे न पाठवणारा पहिला माणूस आपला कार्यकर्ता असला पाहिजे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे : आपल्या माणसाच्या विरुद्ध खरे बोलणे. मदीनेत चोरी आपल्यापैकी एकाने केली आणि आळ एका यहुदी माणसावर आला. चोराचे आप्त प्रेषितांकडे (स.) येऊन मोठ्या चतुराईने बोलले. तेव्हा विश्वासघातक्यांचे वकील होऊ नका, अशी ताकीद देणाऱ्या आयती (४:१०५–११२) अवतरल्या आणि तो यहुदी निर्दोष ठरला, असे भाष्यकारांनी नमूद केले आहे. नांदेडसारख्या शहरात, जेथे गोदावरीच्या काठी गुरुद्वारा, मशिदी आणि मंदिरे एकाच हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे आपल्या तरुणाची किंमत यावरूनच ठरेल. चूक आपल्या मुलाची असताना तो पलीकडच्या गल्लीत जाऊन ती कबूल करू शकतो काय? जो हे करू शकतो, त्याचा शब्द उद्या आपला मुलगा निर्दोष असतानाही ऐकला जाईल. त्यासाठी त्याची मराठी घरातील दखनीइतकीच सहज असली पाहिजे. शेजाऱ्याशी, तलाठ्याशी, पोलीस ठाण्यात, त्याला अडखळावे लागू नये. अल्लाहने प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवले (१४:४).

पाचवी गोष्ट, आपली हद्द ओळखणे. मारहाण झालेली पत्नी, अत्याचार झालेले मूल, शस्त्राने केलेला हल्ला, ही प्रकरणे सतरंजीवर बसून मिटवण्याची नाहीत. तेथे 'घराची अब्रू' हा शब्द उच्चारणारा मध्यस्थ अत्याचाऱ्याचा साथीदार होतो. अशा वेळी पीडिताला घेऊन कायद्याच्या दारापर्यंत जाणे, हीच कार्यकर्त्याची सेवा आहे.

आधी छाती, मग जीभ

हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी जिभेची गाठ सुटावी अशी दुआ मागितली, जेणेकरून लोकांना त्यांचे बोलणे समजावे. परंतु त्या दुआचा आरंभ जिभेपासून नाही. आधी त्यांनी आपली छाती खुली व्हावी असे मागितले, मग काम सोपे व्हावे असे, आणि मग जिभेविषयी (२०:२५–२८). त्यांना फिरऔनशीही मृदू बोलण्याचा आदेश मिळाला (२०:४४). पण मृदू बोलण्याच्या नावाखाली बनी इस्राईलची मागणी सोडून देण्याचा आदेश मिळाला नाही. आवाज खाली, मागणी पूर्ण. मध्यस्थाचे सारे शिक्षण या दोन शब्दांत मावते.

आता पुन्हा उदगीरच्या त्या घरात जाऊ. तो तरुण वाईट नव्हता. त्याची जीभ आपण तयार केली होती. तराजू त्याच्या हाती द्यायचे राहून गेले, ही चूक आपली होती. अजूनही वेळ गेलेली नाही, कारण सही व्हायची आहे. त्याने उद्या पुन्हा जावे. भावांना बाजूला घेऊन, त्याच मृदू आवाजात, विचारावे की, आपल्या वालिदांच्या जमिनीतील एक एकर तुमच्या ताटात आगीचा तुकडा होऊन यावा, हे तुम्हाला चालेल काय? बहिणीला सांगावे की, आपा, तुमचा हिस्सा एवढा आहे; सोडायचा असेल तर घरी जा, विचार करा, महिन्याने सांगा. या वेळी बैठक तासाभरात मिटणार नाही. कदाचित कोणी पाठीवर थापही मारणार नाही.

आणि वाचकहो, हा तरुण दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा आहे असे समजू नका. तो समेट घडवणे शिबिरात कमी आणि आपल्या घरात अधिक शिकतो. जेवताना दोन मुलांचे भांडण होते तेव्हा आपण काय करतो? ज्याचे खरे आहे त्याचे ऐकतो, की जो लवकर गप्प बसेल त्याला गप्प बसवतो? त्या दस्तरखानावर तो जे पाहील तेच उद्या मोहल्ल्यात करील. आणि आपल्या स्वतःच्या सातबाऱ्यावर एखाद्या बहिणीचे नाव लागायचे राहिले असेल, तर मुलाला शिबिरास पाठवण्यापूर्वी तलाठ्याकडे जाऊन यावे. त्याहून प्रभावी धडा त्याला कोणीही देऊ शकणार नाही.

अल्लाह आपली छाती खुली करो, आपल्या तरुणांच्या जिभेत मार्दव आणि त्यांच्या हातातील तराजूत इन्साफ देवो, आणि आपल्या घरांना अशी सुलह लाभो जिच्यात कोणाचा हक्क पुरला गेलेला नसेल. आमीन.